परवाना तिकडचा, दिवाळे इकडचे

बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकाचे नाव आज कोणाला आठवण्याचे कारण नाही. पन्नासच्या दशकाच्या आरंभी मात्र तेव्हाच्या मुंबई राज्यात या साप्ताहिकाचा खप भरपूर होता. त्यात बक्षिसाचे शब्दकोडे येत असे. कोडे कापायचे, चौकोन भरायचे, प्रवेशशुल्क जोडायचे आणि मुंबईतल्या केंद्रावर नेऊन द्यायचे, असा हा व्यवहार होता. कंपनी म्हैसूर राज्यातली, छपाई बंगळूरची, परवाना म्हैसूर सरकारचा आणि त्याचे शुल्क व करही म्हैसूरच्याच तिजोरीत. मुंबई राज्याच्या वाट्याला आली होती ती फक्त कोडी भरणारी माणसे. मुंबई सरकारने आपल्या १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती केली आणि राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धांनाही परवाना व कर लागू केला, तेव्हा कंपनीने न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. आमचा धंदा दुसऱ्या राज्यातला. तुमचा त्यावर अधिकार काय, असा तिचा सवाल होता.

सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी या सवालाचे उत्तर दिले. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकालपत्रात ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले दिले आणि जुगार हा घटनेने संरक्षण द्यावे असा व्यापारच नव्हे, असे बजावले. निकालाचा हा भाग पुढे पुष्कळ गाजला. पण दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता. साप्ताहिक बंगळूरला छापले जात असले, तरी कोडे मुंबईत वाचले जाते, मुंबईत भरले जाते, पैसे मुंबईत घेतले जातात. जुगार खेळणाऱ्याने जे जे करायचे ते बहुतेक सारे मुंबई राज्यात घडते. म्हणून मुंबई राज्याला त्यावर कायदा करण्याचा पूर्ण अधिकार आहे, असे न्यायालयाने सांगितले. छापखाना कोठे आहे हे गौण, खेळणारा कोठे बसला आहे हे मुख्य, असा याचा साधा अर्थ.

छापखान्याच्या जागी संगणकाचा सर्व्हर आणि कापून घेतलेल्या कोड्याच्या जागी मोबाइलचा पडदा ठेवला, की ऑनलाइन कॅसिनोचा सगळा प्रश्न या निकालात येऊन बसतो. उत्तर १९५७ सालीच मिळाले होते. गेल्या दीड-दोन दशकांत आपल्या राज्यांनी आणि केंद्राने ते विसरण्याचा उद्योग कसा केला, हे पाहण्यासारखे आहे.

अड्डा हलला, कायदा तिथेच

जुगाराला बंदी करावी की त्यावर देखरेख ठेवावी, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मनूने राजाला जुगार राज्यातून हद्दपार करायला सांगितले. कौटिल्य व्यवहारी. जुगार एकाच ठिकाणी चालवावा, त्यावर द्यूताध्यक्ष नेमावा, अन्यत्र खेळणाऱ्याला बारा पण दंड करावा आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यावेत, अशी त्याची योजना होती. चोरटी उपजीविका करणाऱ्यांचा माग तिथे लागतो, हेही त्याने सांगून ठेवले. परंतु मनू काय आणि कौटिल्य काय, दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती. राजा, द्यूतगृह आणि जुगारी हे तिघे एकाच राज्यात असणार. द्यूतगृहाचा कर ज्याच्या तिजोरीत जाईल, दिवाळे निघालेल्या जुगाऱ्याची बायकामुलेही त्याच्याच दारात येऊन उभी राहणार.

इंग्रजांनीही हेच गृहीत धरले. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि आपल्याकडचा १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा यांच्यासमोर होता तो भिंतींचा अड्डा. घर, खोली, आवार. त्यावर छापा घालायचा, पट आणि पैसे जप्त करायचे. १८६७ च्या कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला दंड होता दोनशे रुपये! घटनाकारांनी 'पैजा आणि जुगार' हा विषय सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत चौतिसाव्या क्रमांकावर ठेवला, तोही याच समजुतीने. अड्डा ज्या गावात, ते गाव ज्या राज्यात, त्या राज्याने त्याचे काय करायचे ते पाहावे.

खरे तर ही समजूत मुंबईत तेव्हाही पूर्णपणे खरी नव्हती. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर इथले गिरणी कामगार पैसे लावत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली आणि 'मटका' हा शब्द जन्माला आला. म्हणजे आकडा सातासमुद्रापलीकडचा आणि खिसा परळ-लालबागचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. तरीसुद्धा पैसे घेणारा माणूस नाक्यावरच उभा असे. हवालदाराला तो माहीत होता, आणि घरच्यांनाही. आता नाकाही गेला आणि माणूसही गेला.

लॉटरीच्या निमित्ताने या रोगाची पूर्वसूचना मिळाली होती. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली. पाठोपाठ इतर राज्यांची तिकिटे आपल्या फुटपाथवर आली आणि पुढे ऑनलाइन लॉटरीची केंद्रे गल्लोगल्ली निघाली. छोट्या राज्याचे नाव, मोठ्या राज्यातले गिऱ्हाईक! १९९८ मध्ये केंद्राने लॉटरीचा कायदा केला आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सरकारने चालवली तरी लॉटरी हा जुगारच. आणि स्वतःची लॉटरी विकणाऱ्या राज्याला शेजाऱ्याच्या लॉटरीवर बंदी घालता येणार नाही. स्वतः सोवळे पाळाल तरच दुसऱ्याला शिवू नको म्हणता येईल, असा हा न्याय होता. महाराष्ट्राला तेव्हा सोवळेही पाळायचे नव्हते आणि उत्पन्नही सोडायचे नव्हते.

परवान्याचे दुकान

ऑनलाइन कॅसिनोला परवाना देणारा देशातला पहिला कायदा सिक्कीमने २००८ मध्ये केला. दुसऱ्या वर्षी नियम आले. रूलेट, ब्लॅकजॅक, बॅकरा, पोकर अशी खेळांची यादीच त्यात होती. डोंगराळ, लहान, उद्योगांना जागा नसलेल्या राज्याला उत्पन्नाचा मार्ग हवा होता, हे समजण्यासारखे आहे. गंगटोकमध्ये परवाना घ्यावा आणि साऱ्या देशाला गिऱ्हाईक करावे, अशी अपेक्षा कंपन्यांनी बाळगली. इतर राज्यांचे जुगारविरोधी कायदे आड येऊ लागले, तेव्हा २०१५ च्या दुरुस्तीने हे खेळ सिक्कीमच्या हद्दीत, ठरावीक जागेतील यंत्रांपुरते मर्यादित केले गेले. ऑनलाइन कॅसिनो पुन्हा चार भिंतींत गेला.

त्याच सुमारास नागालँड पुढे झाले. त्याचा कायदा २०१५ चा असला तरी प्रत्यक्षात आला २०१६ मध्ये. यात युक्ती निराळी होती. जुगाराला बंदी, पण 'कौशल्याच्या खेळां'ना परवाना. रमीत कौशल्य प्रधान आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले होते आणि घोड्यांच्या शर्यतींबद्दल १९९६ मध्ये. नागालँडने रमीबरोबर पोकरही कौशल्याच्या यादीत बसवला आणि ज्या राज्यांत कौशल्याच्या खेळांना मनाई नाही, तिथे हा परवाना चालेल असे जाहीर केले. मेघालयाने २०२१ मध्ये आणखी एक पाऊल टाकून कौशल्य आणि नशीब अशा दोन्ही प्रकारच्या खेळांना परवान्याची सोय केली. तिथे मात्र चर्च आणि सामाजिक संघटना विरोधात उभ्या राहिल्या आणि २०२२ मध्ये सरकारने तो कायदा मागे घेतला.

दुसऱ्या बाजूला बंदीची राज्ये होती. तेलंगणने २०१७ मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या कौशल्याच्या खेळांवरही बंदी घातली. तमिळनाडूचा २०२१ चा कायदा मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला, कर्नाटकाचा तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये. तमिळनाडूने न्यायमूर्ती चंद्रू यांची समिती नेमून २०२२ मध्ये पुन्हा कायदा केला. महाराष्ट्र? महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रण व कर कायदा संमत केला, सत्तेचाळीस वर्षे अमलात न आणता फडताळात ठेवला आणि २०२३ मध्ये रद्द केला. हो म्हणायचे धैर्य नाही, नाही म्हणायची इच्छा नाही, असा हा सत्तेचाळीस वर्षांचा इतिहास आहे.

परिणाम असा झाला, की एकच पत्ता एकाच मोबाइलवर गुलबर्ग्याला एका दिवशी कायदेशीर, दुसऱ्या दिवशी बेकायदा, आणि सोलापूरला कोणालाच ठाऊक नाही! या गोंधळात परवाना नावाची वस्तू नेमकी काय असते, हे कोणी विचारले नाही. परवाना म्हणजे केवळ अनुमती नव्हे. अनुमतीबरोबर काही बंधने येतात. खेळणारा सज्ञान आहे की नाही हे तपासणे, त्याचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवणे, यंत्राचा आकडा खरोखरच नशिबाचा आहे ना याची तटस्थ तपासणी, एका महिन्यात किती हरता येईल याला मर्यादा, 'मला खेळू देऊ नका' असे सांगणाऱ्याला खेळू न देणे, आणि तक्रार करायला एक दार. ही बंधने ज्याच्यासाठी आहेत, तो परवाना देणाऱ्या सरकारचा नागरिक नसेल, मतदार नसेल, तर ती कोण पाळून घेणार? राज्याची वेस ओलांडून अनुमती पलीकडे गेली. बंधने मात्र वेशीतच राहिली.

समजा, लातूरचा पंचविशीतला मुलगा रात्री दोन वाजता अंथरुणात पडून खेळतो आहे. मोटारसायकलच्या हप्त्याचे पैसे गेले, मग मित्राकडून घेतलेले गेले, मग घरात बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले. परवाना ईशान्येकडचा, कंपनीची नोंदणी तिसऱ्याच राज्यातली, पैशांचे खाते चौथ्या शहरातले. त्याची आई तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेली, तर फौजदार तिला काय सांगणार? गुन्हा कोणता, घडला कोठे, आरोपी कोण? परवाना देणाऱ्या राज्याला शुल्क मिळालेले असते. कर्ज, सावकार आणि क्वचित दोर हे मात्र लातूरच्या वाट्याला येते.

खेळणारा कोठे आहे हे कंपनीला कळत नाही, अशी सबब कोणी देऊ नये. पैशांचे खेळ चालवणाऱ्या अनेक ॲपच्या अटींत अमुक राज्यांतील रहिवाशांना प्रवेश नाही, अशी ओळ असे. गंमत म्हणजे त्या यादीत बंदीवाल्या तेलंगणाबरोबर परवाना देणारी सिक्कीम आणि नागालँडही असत. कारण तिथे परवान्याशिवाय चालवले तर कायदा आडवा येई. कायदा आडवा येतो तिथे माणूस कोठे आहे हे बरोबर कळते. सरकारलाही ते कळत होते. वस्तू व सेवा कर हा ग्राहक जिथे आहे तिथला कर आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळात लावलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के दराने तो वसूल होऊ लागला, तेव्हा खेळणाऱ्याचा पत्ताच प्रमाण मानला गेला. कर घेताना माणसाचा पत्ता पाहायचा आणि जबाबदारी घेताना सर्व्हरचा, याला काय म्हणावे?

आमचे नकोत, तुमचे या

हा दुटप्पीपणा सर्वांत उघडपणे दिसतो तो आपल्या शेजारी. गोव्याचा जुगार कायदाही १९७६ चाच. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली आणि १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांना पत्त्यांची टेबले मिळाली. आज मांडवीच्या पात्रात संध्याकाळ झाली की दिवे लखलखू लागतात. पणजीच्या काठावर जी गर्दी होडीची वाट पाहत उभी असते, तिच्यातली मराठी ऐकली तर ती कोल्हापूरची, पुण्याची, मुंबईची असते. बेळगाव-हुबळीची कानडीही कानावर पडते.

या गर्दीत गोमंतकीय नसतो, म्हणजे नसायला हवा. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जुगार खेळण्यास मनाई आहे. या निर्णयामागची भावना चांगली आहे. आपली माणसे देशोधडीला लागू नयेत असे कोणत्याही सरकारला वाटावे. पण मग प्रश्न असा, की जे गोमंतकीयाला घातक, ते सावंतवाडीच्या माणसाला पथ्यकर कसे? पत्रादेवीच्या नाक्यापलीकडून आलेला माणूस हरला तर त्याची बायको रडत नाही काय? गोवा सरकारने या मनाईने स्वतःच कबुली दिली आहे, की कॅसिनो हा माणसाला अपाय करणारा धंदा आहे. तो चालवायचा, फक्त अपाय परराज्यात पाठवायचा, एवढेच धोरण शिल्लक राहते. एखाद्या कारखान्याने सांडपाणी आपल्या आवाराबाहेर सोडावे आणि आवार स्वच्छ आहे म्हणून पाठ थोपटून घ्यावी, तसे हे आहे.

गोव्याला एकट्याला दोष देण्याचे मात्र कारण नाही. परवाना देणारे प्रत्येक लहान राज्य हाच विचार करते. आणि आपली माणसे तिथे जाऊन लुटली जातात म्हणून ओरडणारे मोठे राज्य स्वतःच्या लॉटरीच्या सोडतीची जाहिरात त्याच दिवशी देत असते.

जर्मनीतले सोळा आणि अमेरिकेतले सहा

संघराज्यांना यातून वाट काढता येते काय? जर्मनीचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे, कारण ते आपल्यासारख्याच चुका करून शहाणे झाले. तिथेही जुगार हा राज्यांचा विषय आणि राज्ये सोळा. पंधरांनी एक वाट धरली, तेव्हा उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन या छोट्या राज्याने २०१२ मध्ये वेगळा कायदा करून ऑनलाइन कॅसिनोला परवाने दिले. परवाना त्या राज्यापुरता, पण जाहिराती साऱ्या जर्मनीत! जाहिरातीच्या शेवटी घाईघाईने एक वाक्य येई : हा खेळ केवळ श्लेस्विग-होल्स्टाइनच्या रहिवाशांसाठी आहे. ते वाक्य किती जणांनी मनावर घेतले असेल, हे सांगायला नको.

शेवटी सोळाही राज्ये एकत्र बसली. १ जुलै २०२१ पासून नवा आंतरराज्य करार लागू झाला आणि हाले या शहरात सर्व राज्यांचे मिळून एक प्राधिकरण उभे राहिले. कराराचा गाभा पाहण्यासारखा आहे. ऑनलाइन खेळणाऱ्याला महिन्याला सर्वसाधारणपणे एक हजार युरोपेक्षा अधिक रक्कम भरता येत नाही. आणि ही मर्यादा एका कंपनीपुरती नाही, सगळ्या कंपन्या मिळून आहे. एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाण्याची सोय त्यामुळे राहिली नाही. आभासी यंत्रावर एका फेरीला एक युरोच लावता येतो आणि दोन फेऱ्यांत किमान पाच सेकंदांचे अंतर असावे लागते. खेळापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांची नोंदवही साऱ्या देशासाठी एकच. त्या वहीत माणूस स्वतः नाव घालू शकतो, आणि कारण दाखवून त्याचे कुटुंबीयही तसा अर्ज करू शकतात. बेकायदा संकेतस्थळे तिथेही संपलेली नाहीत. परंतु हरणाऱ्याच्या आईला कोणत्या दारावर जायचे, हे तरी तिथे ठरलेले आहे.

अमेरिकेतही हा विषय मुख्यतः राज्यांचाच. न्यू जर्सीने २०१३ मध्ये ऑनलाइन कॅसिनो सुरू केले. परवाना अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोच्या आधारानेच, आणि खेळणारा त्या क्षणी राज्याच्या हद्दीत आहे याची खात्री केल्याशिवाय पत्ता पडत नाही. पोकरच्या टेबलावर बसायला लहान राज्यात माणसे पुरेनात, तेव्हा डेलावेअर आणि नेवाडा यांनी २०१४ मध्ये आपसांत करार केला. न्यू जर्सी २०१७ मध्ये आले, आणि मिशिगन, वेस्ट व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया ही राज्ये नंतर. टेबल सामाईक, पण प्रत्येक राज्याचा परवाना, देखरेख आणि कर आपापल्या हद्दीत बसलेल्या खेळणाऱ्यापुरता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितलेले सूत्र हेच. ते मुंबईत जन्मले आणि राबवले गेले अटलांटिकच्या पलीकडे.

बंदीनंतरचे प्रश्न

आपल्याकडे राज्ये एकत्र बसली नाहीत. तेव्हा केंद्राने गाठ सोडवण्याऐवजी कापली. ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने निषिद्ध ठरवला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्यच झाले. पंचेचाळीस कोटी लोक वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावतात, हा सरकारने दिलेला अंदाज. काही दिवसांतच मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचे एका खेळ-कंपनीचे नावही पुसले गेले.

ज्यांच्या घरात हा जुगार शिरला होता, त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. इतकी वर्षे राज्यांनी जो खेळ मांडला, तो पाहता केंद्राने हात घातला हेही अनपेक्षित नव्हते. तथापि, दोन गोष्टी विसरून चालणार नाही.

पहिली घटनेची. जुगार हा राज्यसूचीतला विषय आहे. केंद्राने कायदा केला कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न उच्च न्यायालयांत उपस्थित झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे स्वतःकडे घेतली. तार-टेलिफोन आणि दळणवळण केंद्राचे, म्हणून मोबाइलवरचा जुगारही केंद्राचा, असे म्हणता येईल. पण मग मोबाइलवरून चालते ते सारेच केंद्राचे होईल आणि राज्यसूचीत पाहायला फारसे उरणार नाही. उद्या निकाल राज्यांच्या बाजूने लागला, तर राज्ये पुन्हा आपापली दुकाने मांडून बसणार काय?

दुसरी गोष्ट व्यवहाराची. देशातली दुकाने बंद झाली, पण जगातली चालूच आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर परवाना घ्यायचा आणि जगभर गल्ला मांडायचा, हा धंदा जुना आहे. एकेका मोठ्या परवान्याच्या आडोशाने असंख्य उपपरवाने तिथे वाटले जात. डिसेंबर २०२४ मध्ये त्या बेटाला स्वतःचा कायदा बदलावा लागला, यावरून कारभाराची कल्पना यावी. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'महादेव'सह बावीस बेकायदा ॲप आणि संकेतस्थळे बंद केली. पण असल्या संकेतस्थळाला एक अक्षर बदलून नव्या नावाने यायला वेळ लागत नाही. लातूरच्या मुलाला आता परवाना ईशान्येकडचा नसून कॅरिबियन बेटावरचा मिळेल, एवढाच फरक. पूर्वी निदान दिल्लीत, बंगळूरमध्ये कंपनीचे कार्यालय तरी होते.

म्हणून बंदी हा या प्रकरणाचा शेवट मानता येणार नाही. बंदी घालणाऱ्यावर परवाना देणाऱ्याइतकीच जबाबदारी असते. पैसा भाड्याच्या बँक खात्यांतून परदेशी जातो, ती खाती शोधणे हे तालुक्याच्या फौजदाराचे काम नव्हे. त्यासाठी राज्यांचे पोलीस, बँका आणि केंद्र यांची एक कायमची यंत्रणा लागेल. व्यसन लागलेल्या माणसाला कायद्याने शिक्षा नाही म्हटले, पण उपचार कोठे? दारूच्या व्यसनासाठी निदान जिल्ह्याच्या गावी चौकशी करता येते. जुगार हेही व्यसन आहे, त्यालाही डॉक्टर लागतो, हे अजून आपल्या रुग्णालयांच्या पाट्यांवर आलेले नाही. जहाजांवरच्या कॅसिनोंकडून आणि लॉटरीतून सरकारे आजही पैसा घेतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा कर चाळीस टक्के झाला आहे. त्यातला एक हिस्सा हरणाऱ्याच्या गावी परत गेला, तर त्यात कोणावर उपकार होणार नाहीत.

आणि राज्यांना केंद्राची वाट न पाहता आजच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. गोव्याच्या होड्यांच्या धक्क्यावर आज ओळखपत्र पाहून गोमंतकीयाला परत पाठवण्याची तरतूद आहे. त्याच धक्क्यावर दुसरी एक यादी ठेवावी. 'मला आत सोडू नका' असे ज्याने स्वतः लिहून दिले, किंवा ज्याच्या घरच्यांनी कारणे देऊन तसा अर्ज केला आणि तो पारखून मान्य झाला, तो कोल्हापूरचा असो की कारवारचा, त्याला परत पाठवावे. तीच यादी गंगटोकला असावी. गोवा, सिक्कीम, महाराष्ट्र आणि कर्नाटक या चार सरकारांना असा करार करायला घटनादुरुस्ती लागत नाही. उद्या न्यायालयाने ऑनलाइन खेळांचा विषय राज्यांकडे परत दिलाच, तर त्या कराराचा पाया तरी तयार असेल : परवाना कोणीही देवो, नियम खेळणाऱ्याच्या घरचा; आणि ज्या राज्यात माणूस हरतो, त्या राज्याच्या संमतीशिवाय त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही.

हे काही नवे तत्त्व नाही. सत्तर वर्षांपूर्वी बंगळूरला छापलेले एक शब्दकोडे मुंबईच्या केंद्रावर आठ आणे-रुपया गोळा करत होते, तेव्हा मुंबई सरकारने विचारले होते : पैसे आमच्या माणसांचे, मग परवाना तिकडचा कसा? न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. तो प्रश्न विचारणारे सरकार आपलेच होते. त्याने तो पुन्हा विचारावा. आणि विचारण्यापूर्वी स्वतःच्या लॉटरीच्या तिकिटाकडेही एकदा पाहावे.